आमेन म्हणजे तथास्तु नव्हे



आज आपण एकाच शब्दावर बोलणार आहोत. शब्द आहे 'आमेन'. मूळचा हिब्रू, पण इंग्रजीत इतका रुळलाय की कुणी पटण्यासारखं काही बोललं, की समोरचा 'आमेन टू दॅट' म्हणून मोकळा होतो. त्यात देवाधर्माचा संबंध असतोच असं नाही. आपल्याकडे हा शब्द चर्चमुळे माहीत झाला, आणि इंग्रजी सिनेमांमुळे जास्तच. त्याचा मराठी अर्थ विचारला तर बहुतेक जण चटकन सांगतात, 'तथास्तु'. भाषांतरांत हेच आढळतं, सिनेमाच्या खालच्या ओळींत हेच दिसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे भाषांतर चुकीचं आहे. आणि चूक बारीकसारीक नाही, कारण तथास्तु हा देणाऱ्याचा शब्द आहे आणि आमेन हा ऐकणाऱ्याचा. ऐकणारा 'हो' म्हणतो तेव्हा तो स्वतःला कशात बांधून घेतो, हा प्रश्न या शब्दात दडलेला आहे. तथास्तु म्हटलं की तो प्रश्नच पुसला जातो.

आधी तथास्तु घेऊ. तथा अस्तु, तसं होवो. व्याकरणाने पाहिलं तर आमेनच्या जवळच वाटतं. पण शब्दाचा अर्थ नुसता व्याकरणात नसतो. तो शब्द कोण उच्चारतं, कुणाला उद्देशून, कुठल्या अधिकाराने, यातही अर्थ असतो. पुराणातला भक्त तप करतो, देव प्रसन्न होतो, भक्त वर मागतो आणि देव म्हणतो तथास्तु. भक्ताने देवाला तथास्तु म्हटल्याचं आपण कधी ऐकलंय का? तो अधिकारच त्याचा नाही. शंकराने भस्मासुराला तथास्तु म्हटलं आणि मग त्यालाच पळता भुई थोडी झाली. आपल्या घरांत म्हातारी माणसं सांगतात, दिवेलागणीला वाईट बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणत असते. यातली कल्पना बघा. वास्तूला आपलं बोलणं पटलेलं नसतं, ती आपल्या बाजूने उभीही राहत नाही. जे कानावर पडेल त्यावर ती शिक्का मारते.

आता आमेनची जागा बघा. एक जण प्रार्थना म्हणतो, आशीर्वाद म्हणतो किंवा शाप उच्चारतो, आणि बाकीचे म्हणतात आमेन. म्हणणारे मागणाऱ्यांच्या रांगेत उभे असतात. हातात देण्यासारखं काही नाही. दुसऱ्याचं बोलणं आपलं करून घेणं, एवढंच त्यांच्याकडे आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा शब्द आवडावा असाच आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचा मुद्दा असा की, काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते. 'मी वचन देतो' हे वाक्य खरं की खोटं असं विचारता येत नाही. ते म्हटलं की वचन दिलं गेलं. आमेन याच जातीचा शब्द आहे, आणि त्यातही टोकाचा, कारण त्याला स्वतःचा असा मजकूरच नाही. मजकूर सगळा दुसऱ्याचा. त्या मजकुराखाली आपली सही करणं, एवढंच काम आमेन करतं.

आता शब्दाच्या मुळाकडे जाऊ. हिब्रूत अ-म-न असा तीन व्यंजनांचा धातू आहे. अर्थ घट्ट असणं, टिकणं, भरवशाचं असणं. याच धातूपासून एमुना, म्हणजे निष्ठा, विश्वास. मूल अंगाखांद्यावर सांभाळणाऱ्यासाठीही याच धातूचा शब्द येतो. म्हणजे हा विश्वास मनातल्या मनात ठेवायचा नाही. ज्यावर भार टाकता येतो असा तो विश्वास आहे.

आणि गंमत म्हणजे हा धातू आपल्या रोजच्या मराठीत नांदतो आहे. अरबी ही हिब्रूची बहीणभाषा, तिच्यातही हाच धातू आहे. त्यातून फारसीच्या वाटेने मराठीत आलं 'इमान'. इमानदार, बेइमान, इमानेइतबारे हे सगळे त्याच घरचे. निजामी अमदानीत 'अमीन' नावाचा अधिकारी असे, म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला आहे असा. आणि 'अनामत'! मूळ शब्द अमानत, मराठीच्या तोंडी अक्षरं उलटीसुलटी होऊन अनामत झालं. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त होते तेव्हा आमेनचाच एक चुलतभाऊ जप्त झालेला असतो. (हशा) आमेनचा अर्थ मराठी माणसाला समजावायचा तर तथास्तुपेक्षा इमान आणि अनामत हे शब्द जास्त कामाचे आहेत.

आता हा शब्द प्रत्यक्षात कसा वापरला जायचा ते पाहू. ज्यू धर्मपंडितांनी तालमूदमध्ये, शपथांवरच्या प्रकरणात, नेमकं सांगितलंय की आमेनमध्ये तीन गोष्टी असतात. शपथ, स्वीकार आणि बोललेलं खरं ठरो ही पुष्टी. तिन्हींना त्यांनी बायबलमधले दाखले दिलेत. आपण क्रम थोडा बदलू.

स्वीकाराचा दाखला 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातला आहे. सगळे लोक उभे आहेत, लेवी मोठ्याने बारा शाप वाचतात आणि प्रत्येक शापाला लोक म्हणतात आमेन. शाप कुणाला? शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत बांध कोरणाऱ्याला. आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला. परका, अनाथ आणि विधवा यांच्या न्यायात खोट करणाऱ्याला. निरपराध माणसाचा जीव घेण्यासाठी लाच खाणाऱ्याला. आता विचार करा, त्या गर्दीत बांध कोरलेला माणूसही उभा असणार. तोही आमेन म्हणतो, म्हणजे स्वतःच्याच डोक्यावर शाप ओढून घेतो. इथे तथास्तु घालून बघा. लोक न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतात आणि दुसऱ्या कुणाला तरी शाप देतात. सगळा अर्थच उलटा होतो.

पुष्टीचा दाखला यिर्मयाचा. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना गोड बातमी देतो, की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडेल आणि मंदिराची लुटलेली भांडी परत येतील. यिर्मयाला माहीत आहे की हे खोटं आहे. तरी तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. आणि पुढे जोडतो की शांततेचं भाकीत करणारा खरा की खोटा हे भाकीत खरं ठरल्यावरच कळतं. इच्छेला आमेन, दाव्याला नाही! होकार देताना नेमका कशाला दिला हे वेगळं काढून दाखवणारा असा माणूस विरळाच.

तिसरा दाखला शपथेचा, आणि तो अस्वस्थ करणारा आहे. 'गणना' या पुस्तकात नवऱ्याला बायकोचा संशय आला तर काय करायचं याचा विधी आहे. याजक शापाचे शब्द उच्चारतो, ते लिहून कडू पाण्यात धुतो, ते पाणी तिने प्यायचं. आणि शाप ऐकून तिने म्हणायचं, आमेन, आमेन. दोनदा. आपल्याला सीतेचं अग्निदिव्य आठवल्याशिवाय राहत नाही. माझा प्रश्न असा, की त्या बाईने नाही म्हटलं असतं तर? नाही म्हणण्याची सोय जिथे नाही तिथे हो म्हणण्याला किंमत किती? शपथेचं रूप सगळं आहे, पण ज्याने शपथ शपथ होते ते स्वातंत्र्य तिच्याजवळ नाही. धर्मग्रंथ वाचताना ही जागा झाकून पुढे जाऊ नये. आमेनची ताकद समजून घ्यायची, तर ते जबरदस्तीनेही वदवून घेता येतं हे आधी समजलं पाहिजे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. 'नहेम्या' या पुस्तकाचा पाचवा अध्याय. काळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, यरुशलेम इराणी साम्राज्याखाली. दुष्काळ पडलाय. लोक सांगतात, धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण टाकली. राजाचा सारा भरायला कर्ज काढलं. पोरंबाळं गुलामीत गेली. सावकार कोण, तर आपलेच भाईबंद. आपल्या मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. नहेम्या प्रतिष्ठितांना सभेत उभं करतो, जमिनी आणि व्याज परत करायचं कबूल करून घेतो, याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो. मग स्वतःच्या अंगरख्याचा ओचा झटकतो आणि म्हणतो, जो हे पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. आणि सगळी सभा म्हणते आमेन. म्हणजे देणारे, घेणारे आणि बघणारे असे तिघेही एका शब्दाने साक्षीदार झाले. उद्या सावकार फिरला तर सगळं गाव म्हणू शकतं, आम्ही तिथे होतो आणि तूही आमेन म्हणाला होतास.

हा शब्द हिब्रूतून बाहेर पडला तेव्हा काय झालं? ग्रीक भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी 'गेनोइतो' असं लिहिलं. म्हणजे 'होवो'. तथास्तुची चूक ही अशी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. 'होवो' मध्ये इच्छा राहिली, बांधिलकी गळाली. पण काही ठिकाणी, आणि त्यात नहेम्याचा हा प्रसंग आहे, त्यांनी आमेन तसाच ठेवला. संत ऑगस्टीन यांनी नोंदवून ठेवलंय की आमेन आणि हालेलूया यांचं भाषांतर करता आलं असतं, पण त्यांच्या पावित्र्यामुळे ते तसेच राखले गेले.

येशूने तर एक वेगळंच केलं. दुसऱ्याच्या बोलण्यानंतर यायचा शब्द त्याने स्वतःच्या बोलण्याच्या आधी ठेवला. 'आमेन, मी तुम्हाला सांगतो' अशी त्याची सुरुवात असते. १६११ च्या इंग्रजी बायबलने तिथे 'व्हेरिली' वापरलं आणि मराठी बायबलने 'खचित'. त्यामुळे इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचकांना कळतच नाही की वाक्याच्या आधीचा 'खचित' आणि प्रार्थनेच्या शेवटचा 'आमेन' हा मुळात एकच शब्द आहे. 'खचित' शब्द वाईट नाही. उलट घट्टपणा त्यात उतरलाय, तथास्तुपेक्षा कितीतरी जास्त.

पुढे इंग्रजीत आमेन झिजत गेला. प्रार्थना संपली याची खूण झाला, म्हणजे पूर्णविराम. मग 'अगदी बरोबर बोललात' या अर्थाचा बोलण्यातला टेकू झाला. ३ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात इमॅन्युएल क्लीव्हर या सदस्याने प्रार्थनेचा शेवट 'आमेन अँड अ-वुमन' असा केला. आमेनमधल्या 'मेन'ला पुरुष समजून त्याने स्त्रीही जोडली. ही सहज केलेली कोटी होती असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि ते स्वतः पाद्री आहेत, तेव्हा अर्थ माहीत नसेल असं नाही. पण कोटी करावीशी वाटते, कारण कानाला मूळ ऐकूच येईनासं झालंय. एवढंच मला त्यातून दाखवायचं आहे.

आता आपल्या मुलखात येऊ. हिब्रू आपल्यापासून फार लांब आहे अशी समजूत असेल तर ती काढून टाका. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनवार तेली म्हणत, ते शतकानुशतकं मराठी बोलत आले. जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून १८३२ साली मुंबईत छापलं. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी असा सचित्र हगादा छापला गेला. बेने इस्राएलांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही केली. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. आणि आपल्या मराठवाड्यातच, जालन्याजवळ, नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती लोकांचं एक गाव वसवलं. त्याचं नाव बेथेल. हा हिब्रू शब्द आहे, अर्थ देवाचं घर.

दुसऱ्या वाटेने हाच शब्द 'आमीन' होऊन आला. कुराणाच्या पहिल्या सूरेनंतर तो म्हणतात, पण तो कुराणाच्या पाठात नाही. तिथेही तो ऐकणाऱ्याचा शब्द आहे. तो मोठ्याने म्हणावा की मनात, यावर मुसलमान पंथांत मतभेद आहेत आणि त्यावरून खटले झाले आहेत. १८८५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टापुढे बनारसच्या मशिदीचं प्रकरण आलं. नमाजात मोठ्याने आमीन म्हणणं हा धार्मिक सभेत व्यत्यय आणण्याचा गुन्हा होतो का? न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी अरबी ग्रंथ उघडून यावर स्वतंत्र, विस्तृत मत लिहिलं. एका शब्दासाठी हायकोर्ट! पण मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सभेत आपला होकार आपल्या आवाजात उमटवणं हा हक्क आहे का, असा तो प्रश्न आहे.

इथून मी मुख्य मुद्द्यावर येतो. तालमूदने वाईट आमेनचे प्रकार सांगितलेत. घाईने उरकलेलं, शेवट तोडलेलं, आणि तिसरं 'अनाथ आमेन'. मूळ आशीर्वाद ऐकलाच नाही आणि बाकीचे म्हणतात म्हणून म्हटलं, ते अनाथ. ज्या बोलण्याच्या पोटी ते जन्माला यायचं तेच त्याला ठाऊक नाही. त्याच तालमूदमध्ये अलेक्झांड्रियाच्या सभागृहाची गोष्ट आहे. ते इतकं प्रचंड, की मागच्यांना ऐकू जात नसे. मग मधल्या लाकडी मंचावर उभा असलेला सेवक कापड हलवून इशारा करी आणि सगळे आमेन म्हणत. मग ते अनाथ नाही का? नंतरच्या भाष्यकारांनी उत्तर दिलं, की आवाज आला नाही तरी कुठला आशीर्वाद चाललाय हे त्यांना माहीत असे. म्हणजे खरी अट कानाची नाही, समजण्याची आहे.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हीच अट घातली. तू परक्या भाषेत आभार मानलेस तर साध्या माणसाने त्याला आमेन कसं म्हणायचं? तू काय बोलतोस हेच त्याला कळत नाही. हा मुद्दा आपल्याला नवा वाटू नये. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेव, ज्ञानदेव आणि त्यांच्या सांगात्यांनी मराठीत बोलायचं ठरवलं त्याचं एक कारण मला हेच दिसतं. संस्कृतात चाललेल्या विधीपुढे हात जोडून बसलेल्या माणसाचं आमेन अनाथ असतं. कीर्तनात टाळ वाजवणारा, ध्रुपद उचलणारा माणूस काय उचलतोय ते जाणून उचलतो.

न समजता होकार देणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. होयबा आहे. नंदीबैल तर आहेच. पाऊस पडेल का? मान हलते. नाही पडणार का? तेव्हाही हलते. पण नंदीबैलाला हसताना एक गोष्ट विसरू नये. दोरी कुणाच्या हातात आहे? १८७५ मध्ये पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली ती मुख्यतः कर्जरोखे मिळवून जाळण्यासाठी. त्या कागदांत काय लिहिलंय ते ज्यांना वाचता येत नव्हतं अशांची निशाणी खाली होती. ती निशाणी म्हणजे अनाथ आमेनच. १८७९ च्या कायद्याने अशा शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा अशी तरतूद केली, म्हणजे त्या आमेनला निदान एक साक्षीदार दिला. आज अंगठ्याच्या जागी सही आलीय, सहीच्या जागी मोबाइलवरची 'मान्य आहे' अशी खूण. ग्रामसभेचं रजिस्टर सह्यांना फिरतं आणि ठराव कधी कधी सह्यांच्या वर नंतर लिहिला जातो. शिकलेली माणसंही यात मागे नाहीत. नहेम्याच्या सभेने ऐकून आमेन म्हटलं होतं, म्हणून ते सावकाराला बांधू शकलं. न ऐकता म्हटलेलं आमेन फक्त म्हणणाऱ्यालाच बांधतं, तेही दुसऱ्याच्या खुंट्याला.

मग आमेनला मराठी शब्द कोणता? आपल्या परंपरेत जवळचे आहेत. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्याच खंडात ओंकाराला अनुज्ञेचं अक्षर म्हटलंय. एखाद्या गोष्टीला संमती देताना माणूस ॐ म्हणतो, असा त्याचा आशय. ॐ हे गूढ ध्यानाचं अक्षर म्हणूनच आपण ओळखतो, पण तो एके काळचा साधा 'हो' आहे. धम्मदेशना ऐकल्यावर बौद्ध उपासक 'साधु' म्हणतात, तीनदा. तेही ऐकणाऱ्याचं अनुमोदन आहे, आणि पंचशील तर प्रत्येकाने आपल्या तोंडाने स्वतःवर घ्यायचं असतं. आणि अगदी घरचा शब्द हवा तर 'हुंकार'. आजी गोष्ट सांगते, नातवाने हूं म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली.

तरी माझं मत विचाराल तर भाषांतर करू नये. ॐ म्हटलं की वेद आठवतात, साधु म्हटलं की विहार, आणि हुंकारात शपथ नाही. आमेन देवनागरीत आमेनच लिहावं, आणि अर्थ सांगायची वेळ आली तर असा सांगावा: 'ऐकलं, समजलं, मान्य आहे, आणि यात मीही बांधला गेलो.' शब्द चार वाढतील, पण एकही गळणार नाही. या चारांतला पहिला आणि दुसरा ज्याला म्हणता येत नाही त्याने तिसऱ्याची घाई करू नये. तसं थांबणं म्हणजे काही अश्रद्धा नाही. यिर्मया तसाच थांबला होता.

तेव्हा मी आज जे बोललो त्यालाही लगेच मान डोलावू नका. प्रश्न असतील ते विचारा, मतभेद असतील ते मांडा. आपल्याकडे अजून वेळ आहे.